फाट्यावरचा खांब

तुम्ही वाट विचारायला आलात, तर आधी वाटच सांगतो. बोम्मसंद्र्याचे कारखाने मागे टाकायचे, मोठा रस्ता सोडायचा आणि गावातल्या शाळेपासून कच्च्या रस्त्याला लागायचं. पुढे निलगिरीचं बन लागतं. बनातून तांबड्या मातीची वाट उतरत उतरत तळ्यापाशी येते. इथले कानडी लोक तळ्याला केरे म्हणतात. तळ्याच्या अलीकडे करंजाचं मोठं झाड आहे आणि तिथे वाट फुटते. डावीकडची सरळ पाण्यात उतरते, गुरं धुवायची ती. उजवीकडची बांधावरून फिरून पुन्हा मोठ्या रस्त्याला लागते. तिथे इडलीची गाडी असते. चढ नाही, दगड नाहीत, घसरण नाही. आमच्या ग्रुपमधली पोरं तिला ‘एकदम ईझी लूप’ म्हणतात. या आयटीवाल्यांना सगळंच ईझी असतं.

बनात शिरल्यापासून रस्त्यावर येईपर्यंत मोबाइलला रेंज मात्र नसते. तेवढं लक्षात ठेवा.

आता ‘आमचा ग्रुप’ कसा झाला तेही सांगतो. मी मूळ नागपूरचा. उभा जन्म वीज खात्यात खांबांवर चढण्या-उतरण्यात गेला. बायको गेल्यावर एकुलता एक मुलगा, तनय, मला इथे घेऊन आला. तो आणि माझी सून सुखदा, दोघंही कंपन्यांत. सुखदा पुण्याची. आठवडाभर दोघं संगणकापुढे मान मोडून बसायची आणि रविवारी पहाटे तनय जाड टायरची सायकल घेऊन निघायचा. पुण्या-मुंबई-नागपूरची पाचपंचवीस मराठी पोरं जमायची. भार्गवी नावाची एक चटपटीत मुलगी सगळ्यांची म्होरकी.

त्यांची एक पद्धत होती. रानात फाटा आला की भार्गवी एकाला तिथे उभं करायची. तो ‘खांब’. खांबाने हात पसरून योग्य वाट दाखवत उभं राहायचं, मागचे सगळे पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. सगळ्यांच्या शेवटी जो यायचा तो ‘शेपूट’. साऱ्या ग्रुपमध्ये घंटी फक्त शेपटाच्या सायकलला, चांगली पितळेची. घंटी वाजवत यायचं, खांबापाशी थांबायचं आणि म्हणायचं, “शेपूट आलं.” खांबाने म्हणायचं, “खांब सुटला.” मग खांबाने सायकलवर टांग टाकायची आणि शेपटाच्या पुढे निघायचं. पोरखेळच होता, पण त्यामुळे रानात कधी कोणी चुकलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका रविवारी करंजापाशी तनय खांब होता. शेपूट होता नंदकिशोर, तनयचाच मित्र. बनात मुळावर आपटून त्याच्या सायकलचा गिअर तुटला. पुढे जाण्यापेक्षा मागे फिरणं जवळ होतं, म्हणून तो सायकल ढकलत रस्त्यावर आला. एक टेम्पो मिळाला. रेंज आल्याबरोबर त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘सायकल तुटली. टेम्पोने येतोय. शेपूट बंद.’ इडलीच्या गाडीवर सगळ्यांनी ते वाचलं, अंगठे टाकले. तनयनेही वाचलंच असणार, असं प्रत्येकाने धरून चाललं. तो दिसेना, तेव्हा पोरांना वाटलं, नंदकिशोरबरोबर टेम्पोत असेल. नंदकिशोर परस्पर घरी गेला. त्याला वाटलं, तनय पोरांबरोबर इडल्या हाणत असेल.

दुपारी सुखदाने एकेकाला फोन लावले, तेव्हा कुठे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तनय झाडाखालीच होता. बुंध्याला टेकून बसलेला, डावा हात बाजूला पसरलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. चौतिशीच्या पोराचं हृदय! सकाळपासून छातीत जळजळत होतं, त्याने ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं. तिथून बांधावरून रस्ता दहा मिनिटांवर, रस्त्यावर दवाखाना. तो नुसता निघाला असता तरी वाचला असता.

पण तो निघणारा नव्हताच. लहानपणी एकदा चेंडू हरवला म्हणून मैदानावरची सगळी पोरं घरी पळाली आणि हा एकटा सीमारेषेवर उभा. दिवेलागणीला मी शोधत गेलो तर म्हणतो कसा, “बाबा, डाव संपला असं कोणी म्हणालंच नाही.” मी म्हणालो, “संपला रे बाप्पा, चल.” तेव्हा हलला. असं वेडं पोरगं माझं.

नंदकिशोरने सायकल विकून टाकली आणि घंटी माझ्या हातात आणून दिली. ग्रुपने खांब-शेपूट बंद केलं. आता सगळे मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घेतात.

सुखदाचं काय झालं ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यासाठीच झालं. पोरीने रडणंसुद्धा सोडलं होतं. तनयचे बूट दाराशी तसेच. पुण्याहून आईवडील बोलावत होते, कंपनी पुण्याच्या कचेरीत बदली द्यायला तयार होती. ही म्हणायची, “बाबा, त्याला इथे एकट्याला टाकून मी कशी जाऊ?” बत्तीस वर्षांची पोर ती. तिने तनयच्या बुटांपाशी म्हातारं व्हावं, हे मला पाहवत नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरच्या रविवारी भार्गवीने मला इडलीच्या गाडीवर बोलावलं होतं. मला बरं वाटावं म्हणून ही पोरं अधूनमधून बोलवायची. गाडीवाला ‘स्वल्प चटणी?’ करत वाढत होता. ग्रुपमध्ये विराट नावाचा एक नवा मुलगा आला होता. त्याला आमची काहीच माहिती नव्हती. तो घाम पुसत भार्गवीला म्हणाला, “बरं झालं तुम्ही फाट्यावर माणूस ठेवला होता. मी सरळ पाण्यातच गेलो असतो.”

भार्गवीच्या हातातला चमचा हातातच राहिला. “कुठल्या फाट्यावर?”

“ते मोठं झाड नाही का… तिथे. केशरी टी-शर्टवाला. मी थँक्स म्हणालो, पण तो बोलला नाही. मागेच बघत होता.”

भार्गवीने माझ्याकडे पाहिलं आणि झटकन मान फिरवली. केशरी टी-शर्ट ग्रुपचा जुना. तनय गेल्यानंतर कोणी तो घातला नव्हता.

मला भीती वाटली का? नाही. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! वर्षभर पोरगं उभंच होतं. ऊन गेलं, पाऊस गेला. डाव संपला असं त्याला कोणी म्हणालंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी तनयची सायकल काढली. तिला पितळी घंटी लावली. भार्गवीला सांगितलं, मी सगळ्यांच्या शेवटी येणार आणि कोणी माझ्यासाठी थांबायचं नाही. ती नको नको म्हणाली, पण माझं तोंड पाहून मग तिनेच टायरमध्ये हवा भरून दिली.

ऊन नुकतं वर येत होतं, पण बनात धुकं होतं. पोरं भराभर पुढे गेली, त्यांचे आवाज विरले. मग नुसती पाचोळ्याची कुरकुर आणि निलगिरीचा तो औषधी वास. पाणी जवळ आलं तसा त्या वासात कुजक्या जलपर्णीचा वास मिसळला. पाखरू बोलत नव्हतं. वळण घेतलं आणि करंज दिसला. करंजाखाली तनय दिसला.

केशरी टी-शर्ट, डोक्यावर हेल्मेट, डावा हात पसरलेला. हात थकला होता त्याचा. खांद्यापासून किंचित थरथरत होता. मी घंटी वाजवली, त्याच्यापाशी जाऊन पाय टेकले आणि जमेल तितक्या खणखणीत आवाजात म्हणालो, “शेपूट आलं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखीचे डोळे. मग माझ्या खांद्यावरून मागे, बनाकडे पाहिलं. आणि हळूच मान हलवली.

“नाही बाबा…” तो म्हणाला. “तुमच्या मागे अजून एक जण आहे.”

आणि मागे बनात घंटी वाजली. माझ्या घंटीसारखीच. माझा अंगठा माझ्या घंटीपासून लांब होता.

मी वळून पाहिलं. वाट मोकळी होती. धुकं होतं, झाडं होती. “कोण आहे रे?” मी ओरडलो. आवाज तसाच परत आला. कोणी येईल म्हणून मी बराच वेळ थांबलो. मी थांबलो की मागचं तेही थांबायचं. तनयकडे वळलो तर तो पुन्हा वाटेकडे डोळे लावून उभा. मी त्याला किती विनवलं! डाव संपला रे, म्हणालो. घरी चल रे, म्हणालो. तो ऐकतच नव्हता. नियम म्हणजे नियम, शेवटचा आल्याशिवाय खांब हलत नाही. शेवटी मी एकटाच बांधावरून निघालो. तळं संपेपर्यंत ती घंटी मागे मधूनमधून वाजत होती.

घरी आलो तर सुखदा दारातच. भार्गवीने तिला फोन केला असावा. “बाबा, खरंच… तिथे आहे तो?”

ते तोंड पाहून मला खरं सांगवेना. म्हणालो, “होता. मी सोडवला त्याला. खांब सुटला म्हणाला आणि गेला.”

ती माझ्या गळ्यात पडून रडली. वर्षानंतर पहिल्यांदा पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी तिने तनयचे बूट कपाटात ठेवले आणि पुण्याच्या बदलीला होकार कळवून टाकला. मला वाटलं, निदान एक जीव तरी सुटला.

जाण्याआधी एकदा तिला ती जागा पाहायची होती. नाही कसं म्हणू? भार्गवीची जुनी सायकल मागून आणली आणि आम्ही दोघंच निघालो. ती पुढे, मी मागे. ऊन चांगलं वर आलं होतं. सुखदा करंजापाशी उतरली, हेल्मेट काढलं, झाडाला हात जोडले. तनय तिच्या इतका जवळ उभा होता की तिची ओढणी वाऱ्याने त्याच्या हाताला लागत होती. तिला तो दिसत नव्हता. त्याचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो वाटेकडेच बघत होता.

“गेला ना हो तो, बाबा?”

“गेला.”

तेवढ्यात मागे घंटी वाजली. आणि सुखदाने आपली सायकल उचलून कडेला घेतली.

“बाबा, बाजूला व्हा ना,” ती सहज म्हणाली. “मागून कोणीतरी येतंय. वाट द्या त्याला.”

मी बाजूला झालो. वाटेवरून कोणी आलं नाही. पण तनयची नजर मात्र सरकत होती… लांबून जवळ, अगदी सावकाश. चालत येणाऱ्या माणसाबरोबर आपली नजर सरकते ना, तशी. ती माझ्यावरून पुढे गेली आणि सुखदाच्या पाठीशी येऊन थांबली. तनयचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेला पाहिला.

“आलंच नाही कोणी,” सुखदा हसली. “गावातलं कोणी वळलं असेल मध्येच.”

परतीच्या वाटेवर घंटी वाजली नाही. घरी आलो. मी पुढे होऊन आत शिरलो आणि चपला काढत होतो. सुखदा मागून आली, आणि दारातच बाजूला झाली. एखाद्याला आधी आत जाऊ द्यावं, तशी. मग दार लावून घेतलं. मी विचारलं, “काहून थांबली?” तर तिलाच कळेना. “थांबले होते?” म्हणाली.

तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण माणूस आपल्या पोराच्या आशेपुढे आंधळा असतो हो. मी पुढच्या रविवारी पुन्हा एकटा गेलो. बनात शिरलो, आणि मागे काहीच नाही. थांबून ऐकलं, मुद्दाम हळू चाललो. काहीच नाही. पाखरंसुद्धा बोलत होती त्या दिवशी. आज मागे कोणी नव्हतं. आज शेवटचा मीच होतो.

घंटी वाजवत करंजापाशी आलो. “शेपूट आलं रे, तनय!”

त्याने मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याचा हात खाली आला. वर्षभर ताटकळलेला हात खाली आला आणि त्याने तो दुसऱ्या हाताने चोळला. मी रडत होतो, हसत होतो. ‘खांब सुटला’ एवढे दोन शब्द राहिले होते.

ते तो बोललाच नाही. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, “बाबा… तुमच्या मागचा आज कुठे राहिला?”

मला उत्तर ठाऊक होतं. माझ्या तोंडावरून त्यालाही ते समजलं.

“सुखदा कुठंय?”

“घरी,” मी म्हणालो.

“एकटी?”

त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि हात पुन्हा वर केला. थरथरणारा डावा हात, बांधाच्या वाटेकडे. “जा बाबा… लवकर जा.” मी त्याला तिथेच सोडून निघालो. स्वतःच्या पोराला, स्वतःच्या पायांनी.

बांधावरून सायकल कशी हाणली ते माझं मला माहीत. रस्त्यावर आलो, रेंज आली, फोन लावला. सुखदाने उचलला. आवाज नेहमीचा, शांत.

“बोला बाबा.” मग जराशी थांबली. “अहो… पण तुम्ही कुठून बोलताय? मघाशी घंटी वाजवून आत आलात ना तुम्ही… मीच बाजूला होऊन वाट दिली की.”

मी घरी पोहोचलो तेव्हा ती डाळ निवडत बसली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. निदान मला दिसलं नाही.

तिने पुण्याची बदली रद्द केली आहे. म्हणते, इथे बरं वाटतंय. हसते, खाते-पिते, कामाला जाते. फक्त दार उघडलं की बाजूला होते आणि जरा वेळ तशीच उभी राहते. हे घर सोडायचा विषय काढला की तिला ताप भरतो.

मी आता तळ्यावर जात नाही. मी गेलो तर मागे ही एकटी राहते, त्याच्याबरोबर. हिला बरोबर न्यावं, तर ते हिच्या मागे येतं आणि तनय मान हलवतो. एकाकडे जावं तर दुसरं जातं. रोज पहाटे मला जाग येते आणि तनयचा हात आठवतो. आता तर जास्तच थकला असेल.

म्हणून तुम्हाला इतकं सांगितलं. रविवारी तुम्ही सगळे त्या वाटेने जाणार आहात. तुम्ही शेवटी राहा. ही घंटी घेऊन जा. करंजापाशी तुम्हाला कोणी दिसो न दिसो, क्षणभर थांबा आणि एवढंच म्हणा, ‘शेपूट आलं.’ एका म्हाताऱ्यावर उपकार होतील.

एकच आहे. आत्ता जिना उतरताना कान देऊन उतरा. घंटी तुमच्या खिशात असेल, ती वाजणार नाही. तरी मागे वाजली, तर मात्र तळ्यावर जाऊ नका, तुम्हाला पाहून तो मान हलवेल. थेट आपल्या घरीही जाऊ नका. तुमच्या घरी बायको आहे म्हणालात ना मघाशी? खोटं कशाला बोलू, ती वाजली तर मला इथे हायसं वाटेल. माझ्या पोरीचं दार मोकळं होईल. मला लाज वाटते, पण तसं वाटेल खरं.

बरं, निघा आता. सुखदा, दार उघड गं. पाहुणे निघाले.